कंडक्टरच्या बॅगेतली भाकर

आमचे घरमालक दार कधी वाजवत नसत. पूर्वी एसटीत तिकिटाला भोक पाडायचा एक लोखंडी चिमटा असे, त्याने ते खिडकीच्या गजावर टक-टक-टक करायचे. आवाज आला की माझी बायको आतून म्हणायची, "उघडा, चेकिंग आलं."

आणि ते खरोखर चेकिंगच असायचं. आत येऊन ते खुर्चीवर बसत नसत. उंबऱ्यात एक पाय आत, एक पाय बाहेर, खांदा चौकटीला टेकवलेला, असे उभे राहायचे. आयुष्यभर धावत्या गाडीत उभ्याने नोकरी केलेला माणूस. त्यांची नजर आधी चुलीकडे, मग डब्यांकडे, मग आमच्या ताटांकडे जायची. "काय डाक्टर, आज भात चढला वाटते गाडीत?" ताटात भात असला की हा प्रश्न ठरलेला.

मी काही डॉक्टर नव्हतो. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली होतो. पण गाई-म्हशींना इंजेक्शन देणारा तो डॉक्टर, असा त्यांचा हिशेब. मूळचा मी इंझोरीचा. नोकरी लागली तेव्हा वाशीम रोडला लागून असलेल्या त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या. पुढच्या भागात ते आणि काकू राहायचे, मुलगा पुण्याला. मी त्यांना काका म्हणायचो. गावात सगळे कंडक्टरसाहेब म्हणायचे, आणि ते ऐकून त्यांची मान थोडी वर व्हायची.

निवृत्तीच्या दिवशी त्यांना तिकिटाची चामडी बॅग डेपोत जमा करावी लागली. त्यांना काही ते सहन झालं नाही. बाजारात चपला शिवणाऱ्या एका कारागिराला महिनाभर छळून त्यांनी हुबेहूब तशीच बॅग करून घेतली. तोच पट्टा, तेच पितळी बटण, तेच कप्पे. सकाळी अंघोळ झाली की बॅग खांद्याला. ती घेतल्याशिवाय ते अंगणातल्या नळावरही जात नसत. पूर्वी जिथे नोटा ठेवायचे त्या कप्प्यात आता फडक्यात गुंडाळलेली ज्वारीची भाकर असायची. चिल्लरच्या कप्प्यात फुटाणे. तिकिटांच्या जागी कांदा, हिरव्या मिरच्या आणि ठेच्याची लहानशी डबी. पाण्याची बाटली पट्ट्याला लटकलेली.

याचं कारण शुगर. त्यांच्या जुन्या फोटोत जो माणूस दिसतो तो मी कधी पाहिला नाही. खाकी शर्टाची बटणं रडकुंडीला आलेली, गालांत डोळे बुडालेले. प्रत्येक स्टॉपवर चहा, प्रत्येक कँटीनमध्ये आलुबोंडा नाहीतर समोसा, आणि गाडी उशिरा पोचली की जेवण म्हणजे पावाची लादी. त्यांचा जोडीदार ड्रायव्हर म्हणे थट्टेने म्हणायचा, "तुमी डाव्या अंगाले उभे राहू नका, गाडी ओढून राह्यली." मला भेटले तेव्हा मात्र ते एखाद्या तुरीच्या काडीसारखे झाले होते. खाकी पँट तीच होती, फक्त कमरेला नाडा बांधून दुमडलेली. नवी पँट घ्यायला तयार नव्हते. ती दुमड ते लोकांना मोठ्या अभिमानाने दाखवायचे. "हे पाह्य. एवढा मानूस उतरला माह्यातून."

साखर त्यांनी सोडली, त्यात विशेष काही नाही. ती सगळेच सोडतात. यांनी मैदा सोडला, टोस्ट-खारी-बिस्किट सोडलं, पांढरा भात सोडला, बाजारच्या चाळलेल्या पिठाची पोळी सोडली. ज्वारीची भाकर, पालेभाजी, ताक, शेंगदाणे, मूग, आणि संध्याकाळी वाशीम रोडने सपाट्याने चालणं. डॉक्टरांची गोळी मात्र त्यांनी कधी चुकवली नाही. पुढे तपासण्या बऱ्या आल्या आणि डॉक्टरांनीच गोळी कमी केली. त्या दिवशी त्यांनी पेढ्यांऐवजी फुटाणे वाटले.

त्यांचं शास्त्र सगळं एसटीतलं होतं. मला ते तोंडपाठ झालं होतं, तरी ते सांगायचेच.

"डाक्टर, ज्वारी कशी असते? लांबच्या गावचं पुरं तिकीट काढलेला पॅसिंजर. चढला का चुपचाप बसते, हयूहयू उतरते, कोनाले तरास नाई. अन् मैदा? मैदा म्हंजे विनातिकीट पोट्टे. सारे एकदमच चढते, दंगा करते, गाडी हालवते, अन् पुढच्या स्टॉपवर उड्या मारून पयते. मंग गाडी पुन्ना खाली, अन् तू पुन्ना भुकेला. भात म्हंजे जत्रेची गर्दी. वाईट नाई बिचारा, पन दार लागत नाई."

आजवर शुगरवर मी मोबाइलमध्ये पुष्कळ व्हिडिओ पाहिले. याहून सोपं कोणी सांगितलं नाही.

त्यांची सगळीच मतं अशी बरोबर नसायची, हेही सांगितलं पाहिजे. वीज गेली तरी ते मैद्यावर घसरायचे. शेजारच्या पोराची मोटरसायकल सुरू होईना, तर म्हणाले, "चालवनारा खारी खाते, मंग किक कशी बसन?" धनजच्या एका नातेवाइकाच्या घरी भावाभावांत वाटण्या झाल्या, त्याचंही खापर त्यांनी बेकरीवर फोडलं. काकू कपाळाला हात लावायच्या. काकूंना भात फार आवडे. त्या बिचाऱ्या स्वयंपाकघराचं दार लोटून खायच्या आणि मला म्हणायच्या, "एका घरात दोन डेपो झाले पाह्य रे बाप्पा."

एवढा कडकपणा आला कुठून, ते त्यांनी एकदाच सांगितलं. माझी बायको तापाने पडली होती. आजारी माणसाला हलकं म्हणून आपल्याकडे टोस्ट आणतात, तसा मीही पुडा आणला. गजावर टक-टक झालं, काका आत आले, पुडा उचलला आणि बॅगेत टाकला. जप्त! मी हसलो. ते हसले नाहीत.

"माह्या मोठ्या भावाले शुगर होती," ते म्हणाले. "त्यानं साखर सोडली. चहा बिनसाखरेचा. लोक म्हनत, काय पथ्य करते मानूस! अन् त्या बिनसाखरेच्या चहासंगं सकायी चार टोस्ट, संध्याकायी चार टोस्ट. टोस्ट गोड थोडाच असते? पयले पायाचा अंगठा काया पडला. मंग पंजा कापला. मंग घुडघ्यापासून पाय गेला. दवाखान्यात त्याले भेटाले जो येई, तो बिस्किटाचा पुडा घेऊन येई. मीबी नेला होता, डाक्टर. मीबी."

मग चौकटीवरचा खांदा सावरत त्यांनी ते वाक्य म्हटलं, जे गावात पुढे त्यांच्या नावावरच जमा झालं. "पांढरं खाल्लं त बोट कायं होते."

एक गंमत मात्र आठवली की आजही हसू येतं. या माणसाचा जीव जिलेबीत अडकलेला होता. आठवडी बाजारात एका चाचांची जिलेबीची कढई लागायची. काका बॅग सावरत तिथे जायचे, कढईपासून हातभर अंतरावर हात मागे बांधून उभे राहायचे. जिलेबी पडायची, फुलायची, पाकात जायची, निघायची. हे बघत असायचे. चाचा विचारायचे, "क्या साब, आज भी सिरफ देखने का?"

"हो चाचा. खिडकीची सीट द्या फक्त."

एक घाणा पूर्ण बघायचे, नाक भरून वास घ्यायचे आणि चिमटा कढईच्या काठावर टक-टक वाजवून निघायचे. बेल मारली, गाडी सुटली. चाचांनी त्यांना कधी "एक तो खा लो" म्हटलं नाही. दोघांत काहीतरी करार असावा.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट त्यांना फार आवडायची. लग्नसराईत आमच्या दवाखान्यात हमखास एक केस येते. पंगतीतल्या उरलेल्या पोळ्या आणि भात कोणीतरी मायेने गाई-म्हशीला घालतं. जनावराचं पोट कडब्यासाठी केलेलं. एवढं पीठ एकदम गेलं की ते आत आंबतं, पोट फुगतं, जनावर बसतं आणि कधी कधी उठतच नाही. हे मी सांगितल्यापासून काकांना जणू ब्रह्मास्त्रच सापडलं. "म्हशीले पचत नाई अन् तुले पचन काय बे?" असं ते चौकात माणसं थांबवून विचारू लागले.

त्यांना मी आमच्या कपिलीबद्दलही सांगितलं होतं. कपिली ही आमची इंझोरीची गाय. मी शाळेत होतो तेव्हा गावातल्या एका लग्नातून आईने पोळ्यांचं टोपलं डोक्यावर आणलं आणि आपल्या हाताने तिला चारलं. गरिबाघरच्या गाईलाही एक दिवस पोळी मिळावी, हीच तिची भावना. कपिली त्यानेच गेली. आई दोन दिवस जेवली नव्हती. तेव्हा कोणालाच काही कळलं नाही. नजर लागली म्हणाले. मी या खात्यात आलो त्यात कपिलीचाही वाटा आहे.

आता आईविषयी. आई इंझोरीलाच राहायची, अधूनमधून आमच्याकडे यायची. आम्ही बौद्ध. काकांचं घर कुणब्यांचं. मालेगावात घर बघताना याचा विचार मला करावा लागला होता, पण काकांनी नाव-गाव विचारून फक्त एवढंच म्हटलं होतं, "भाडं पाच तारखेले, अन् टोस्टचा पुडा घरात आनाचा नाई." एसटीमुळे त्यांना प्रत्येक गावचा नमस्कार पाठ होता. कोणाला रामराम, कोणाला सलाम, कारंज्याच्या बाजूला जय जिनेंद्र. आई आली की तिला दारातूनच मोठ्याने "जयभीम बाई" म्हणायचे.

पण आमच्या घरात त्यांनी कधी काही तोंडात घातलं नव्हतं. काकू आमच्याकडचं सगळं खायच्या, वाटीला वाटी चालू होती. काका मात्र नाही. चहा नाही, पोहे नाहीत. पाणीसुद्धा आपल्या बाटलीतलं. ते सगळ्यांकडेच असं वागतात हे मला ठाऊक होतं. आईने मात्र ते फक्त आमच्याच घरात पाहिलं होतं.

"तुह्या घरमालकानं आपल्या घरचं पानी तरी पेलं काय?" तिने एकदा मला विचारलं.

"आई, त्यायले शुगर हाय."

"शुगर त तुह्या मामालेबी हाय. तो गोड खात नाई. पन पोयी गोड असते काय? भाजी गोड असते काय? पानी गोड असते काय?"

मी तिला विनातिकीट पोट्ट्यांचं शास्त्र सांगून पाहिलं. ती ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर वेगळंच काही चाललं होतं. तरुणपणी ती ज्यांच्या वावरात निंदायला जायची, तिथे तिच्या ओंजळीत पाणी वरून पडायचं. त्यातलं कोणी आमच्या वस्तीत लग्नाला आलंच, तर "आज उपास हाय" म्हणायचे आणि सुपारी खिशात टाकून निघायचे. त्या उपासांची एक मोठी यादी आईच्या डोक्यात होती.

"जयभीम कोनीबी म्हन्ते," ती म्हणाली. "ताटावर बसल्यावर कयते. पयले उपास होता, आता शुगर हाय."

दोष त्या शब्दाचाच. आजाराचं नावच शुगर, मग माणूस साखरेपुरताच पथ्याचा, असं सगळ्यांना वाटणार. पोळी नाकारणारा मग आजाराने नाकारत नाही, तो घर नाकारतो.

माझ्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मी काका-काकूंना आमंत्रण दिलं. आईने बजावून सांगितलं, "येऊ दे. पन माह्या मांडवात त्यानं ते बॅग उघडली, त मी बोलीन. मंग मले कोनी चूप करू नका." काकांना मी आडून आडून म्हटलं, "काका, त्या दिवशी बॅग नाही आणली तर?" ते म्हणाले, "वा! अन् पंगतीत उपाशी बसलो त तुह्या मायले वाईट नाई वाटनार?"

इंझोरीच्या फाट्यावर ते काकूंसोबत उतरले तेव्हा बॅग खांद्यालाच होती. अर्धं गाव त्यांचं जुनं पॅसिंजर निघालं. जयभीम घेत, जयभीम देत ते मांडवात आले. वंदना झाली, लग्न लागलं, टाळ्या पडल्या, आणि पंगत बसली.

आई स्वतः ताट घेऊन त्यांच्यासमोर आली. पोळ्या, वरण-भात, वांग्याची भाजी. बुंदी नव्हती.

"कंडक्टरसाहेब, तुमाले शुगर हाय म्हून गोडाचा दानाबी नाई वाढला. आता जेवा निवांत."

"लय ध्यान ठेवलं बाई," काका म्हणाले, आणि पितळी बटण टक् करून उघडलं. फडकं मांडीवर सोडलं. भाकर काढली, ठेच्याची डबी काढली आणि आईने वाढलेलं ताट बोटाने थोडं बाजूला सारलं. एका बोटाने. त्यांना जागा हवी होती एवढंच. पण मी आईकडे पाहिलं आणि मला पुढचं दिसलं.

"यात गोड काय हाय?" आईने विचारलं.

"गोड नाई बाई, पन पोटात जाऊन साखरच होते ना! हे बाजारचं चायलेलं पीठ. पोयी म्हंजे विनातिकीट..."

आजूबाजूचे हसले. आई हसली नाही.

"माह्या घरचं चालत नाई, असं सिधं सांगा ना," ती म्हणाली. "आमाले आयकाची सवय हाय."

पंगतीतली बोटं ताटात थांबली. काकांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बायकांच्या ओळीत बसलेल्या काकूंकडे. काकूंनी मान खाली घातली होती. इतकी वर्षं सगळ्या जातीपातीची माणसं गाडीत भरून नेणाऱ्या या माणसाला आपली भाकर दुसऱ्याला कशी दिसते, हे त्या क्षणापर्यंत कळलंच नव्हतं. मला त्यांची फार दया आली, आणि आईचीही.

त्यांनी भाकर फडक्यात गुंडाळली. बॅगेत ठेवली. बटण लावलं. ताट पुढ्यात ओढलं आणि जेवायला लागले. पोळी संपवली. दुसरी घेतली. मग वरण-भात कालवला. त्यांना न बोलता जेवताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. भात अर्धा झाला तेव्हा ते मान वर न करता म्हणाले, "बाई, बुंदी आना. बुंदीबिगर लग्नाचं जेवन होत नाई."

आई बुंदीचं पातेलं घेऊन आली. काकू ताटावरून उठून माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "थांबव रे त्यायले. भावाचा पाय गेल्यापासून त्यायनं भाताचं शीत तोंडात नाई घातलं." आईचा डाव पातेल्यात गेला होता. मला दुसरं काही सुचलं नाही.

"आई," मी म्हटलं, "आपली कपिली काय खाऊन मेली होती? साखर खाऊन?"

डाव तिथेच राहिला. आईने माझ्याकडे पाहिलं, मग काकांच्या ताटाकडे. कपिलीचं नाव आमच्या घरात कोणी काढत नसे.

"पोयाच त खाल्ल्या होत्या तिनं," ती म्हणाली. "म्याच चारल्या."

तिने पातेलं खाली ठेवलं, वाकून काकांच्या हाताखालून ताट उचललं आणि म्हणाली, "बसा. उठू नका." आणि मांडवाच्या मागे घरात गेली.

पंगत उठली, काका बसूनच राहिले. एकटे, रिकाम्या ओळीत, मांडीवर बॅग. घरातून भाकर थापल्याचा आवाज यायला लागला. तिकडे वरपक्षाला आहेर करायचा होता, आणि नवरीची आई मांडवात नव्हती. व्याही विचारत होते, "नवरीची माय कुठं गेली?" माझा मामा ओरडून सांगत होता, "भाकर टाकून राह्यली!" लग्नाच्या मांडवात नवरीची आई भाकर थापते, हे त्या लोकांनी आयुष्यात पाहिलं नसेल.

आई आली ती हातात वाफाळती भाकर, वर ओल्या मिरचीचा ठेचा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. काकांनी तांब्या उचलला, आधी पाणी प्यायले. मग घास मोडला. डोळे मिटून चावत राहिले.

"पुरं तिकीट हाय बाई," ते म्हणाले.

"मंग आधीच माग्याले काय झालं होतं?" आईने डोळे पुसत विचारलं. "भाकर थापून द्या म्हनलं असतं, त मी नाई म्हनली असती काय?"

"लग्नाच्या घरी भाकर मागू कशी, बाई? पोयीच्या घरी भाकर मागनं म्हंजे घरवाल्याले हिनवनं. तुमाले वाईट वाटू नये म्हून त घरून आनत होतो."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग दोघंही एकदम हसायला लागले. मी इतकी वर्षं दोघांनाही ओळखत होतो. दोघं एकमेकांचा मान राखायच्याच मागे होते, आणि त्यातूनच हे सगळं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मशीनवर शुगर तपासली. आकडा बघून काकांनी मशीन पालथं घातलं आणि चालायला निघून गेले. पुढचे काही दिवस वाशीम रोडवर त्यांच्या चपलांना विश्रांती नव्हती. आकडा जागेवर आला तेव्हा खिडकीचा गज पुन्हा वाजला.

त्यानंतर इंझोरीहून भाकरी यायला लागल्या. कोणी मालेगावला येणार असलं की आई फडक्यात दोन भाकरी बांधून द्यायची. कधी चक्क एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवायची, आणि काका स्टँडवर जाऊन उभे राहायचे. फडकं परत जाताना कधी रिकामं गेलं नाही. त्यात फुटाणे नाहीतर ओल्या शेंगा असायच्या. आमची भाकर त्या बॅगेत, नोटांच्या कप्प्यात बसायला लागली. आता चौकात ते सांगायचे, "आज इंझोरीची गाडी हाय." पुढे माझी बदली झाली, आम्ही वाशीमला गेलो, पण हा भाकरीचा रूट काही बंद पडला नाही. मालेगावच्या त्या दोन खोल्या आठवल्या की मला आधी तो टक-टक आवाज आठवतो. वाशीमच्या घराला बेल आहे. ती वाजली की उगाच वाटतं, ताटातला भात झाकावा.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. संध्याकाळी चालून आले, अंगणातल्या बाजेवर बसले, काकूंना पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. वय झालंच होतं. लोक भेटायला आले ते दबक्या आवाजात म्हणू लागले, "एवढं पथ्य केलं जन्मभर, काय उपयोग झाला? गेलेच ना!" काकूंनी ते ऐकलं.

"गेले," त्या म्हणाल्या. "पन आपल्या दोन पायांवर गेले."

तेरवीला मी आईला घेऊन गेलो. आमच्यात तेरवी नसते. आईला हे काही पटत नाही आणि ती ते लपवतही नाही. तरी सकाळपासून तयार होऊन बसली होती, आणि तिच्या हातात फडक्याची घडी होती. अंगणात पंगतीची तयारी चालू होती. भिंतीला टेकवून काकांचा खाकी शर्टातला जुना, गुबगुबीत फोटो ठेवला होता, बाजूच्या खुंटीला बॅग. फोटोसमोर त्यांच्या नावाचं पान वाढलं होतं. पोळी, भात, बुंदी, आणि आवडायची म्हणून त्यांच्या पुण्याच्या मुलाने आणलेली जिलेबी.

आई पानासमोर उभी राहिली.

"हे कोनाचं पान हाय?"

"बाबांचं," मुलगा म्हणाला.

"मंग यावर भात काहून वाढला? ते उठून जातीन ना."

एक म्हातारे नातेवाईक म्हणाले, "बाई, आता कायचं पथ्य?" आई काकूंकडे बघत होती. काकूंचं लक्ष तिच्या हातातल्या फडक्यावर होतं. त्या भिंत धरून उठल्या. पानावरचा भात काढला, पोळी काढली, बुंदी काढली. जिलेबीपाशी त्यांचा हात थांबला.

"एक राहू देऊ काय, बाई? लय पाहून राह्यले होते हो जन्मभर."

"राहू द्या," आई म्हणाली. "एकाले कायी होत नाई."

आईने फडकं सोडलं. ते म्हातारे पुन्हा म्हणाले, "पानावर बाहेरचं ठेवत नाईत." ते काय म्हणत होते, हे तिथल्या सगळ्यांना समजलं.

"बाहेरचं नाई," काकू म्हणाल्या. "त्यायचंच हाय. ठेवा बाई तुमी."

आई खाली बसली. दोन्ही हातांनी भाकर पानाच्या मधोमध ठेवली, बाजूला ठेचा, आणि ती एक जिलेबी सरकवून काठाला लावली. मग फोटोकडे बघत, जणू ते चौकटीला खांदा टेकवून समोर उभेच आहेत असं, हळू आवाजात म्हणाली,

"पुरं तिकीट हाय, कंडक्टरसाहेब. बसा आता."